रात्रीचा सामना, बिनआवाजाचा हॉल: बिनतारी हेडफोन संचाच्या प्रकल्प नोंदी

काम असं: कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये युरो २०२४ चे रात्रीचे सामने प्रोजेक्टरवर दाखवायचे आणि आवाज फक्त १८ हेडफोनमध्ये द्यायचा. बरेच सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होतात. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हॉल पत्र्याचा, त्यामुळे 'बंद जागा' म्हणून सुटका मागण्यात अर्थ नाही. दोन कार्यक्रम हवेत. 'अ' म्हणजे प्रक्षेपणाचा मूळ आवाज, 'ब' म्हणजे तोच आवाज हळू करून त्यावर शेजारच्या खोलीतून मराठी समालोचन. प्रक्षेपणाची परवानगी मंडळ बघतंय, इथे फक्त आवाजाच्या नोंदी.

६ एप्रिल २०२४

मार्ग ठरवला. जे सोडून दिलं ते आधी.

साधं ब्लूटूथ: एका फोनला एक, फार तर दोन हेडफोन. एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो. फुटबॉलला हे चालत नाही.

ऑराकास्ट: एका ट्रान्समीटरवरून कितीही जणांना प्रसारण, हवं तर सांकेतिक कुलुपासह. ब्लूटूथवाल्यांनी २०२२ मध्ये हे नाव जाहीर केलं. तांत्रिकदृष्ट्या हेच बरोबर उत्तर आहे, पण तसे १८ हेडफोन मंडळाच्या वर्गणीत बसत नाहीत.

इन्फ्रारेड: डावा कान २.३ आणि उजवा २.८ मेगाहर्ट्झवर, किरण भिंतीबाहेर जात नाहीत. खाजगीपणात याला तोड नाही. पण गोल झाला की सगळे उभे राहतात आणि पुढच्याच्या डोक्याची सावली मागच्याच्या सेन्सरवर पडते. म्हणजे नेमका गोलच्या वेळी आवाज गुल.

चुंबकीय लूप: हॉलभोवती तार फिरवायची. वायरिंगची ५० हर्ट्झची घूं घूं येते आणि खालच्या मजल्यावरही ऐकू जातं.

'सायलेंट पार्टी'चे तयार संच: बाहेरून येणारे बरेच ८६३ ते ८६५ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. आपल्याकडे त्या भागात परवानामुक्त पट्टा ८६५ पासून सुरू होतो, आणि ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन बोलतात. तेव्हा तोही नाद सोडला.

उरला २.४ गिगाहर्ट्झ. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त. रेडिओ एनआरएफ२४एल०१ प्लस, प्रोसेसर ईएसपी३२.

९ एप्रिल

या विषयावरची पेटंटं वाचली. सर्वांत कामाचं वाचन अर्ल वूलफोर्क यांच्या अमेरिकन पेटंटांचं. मूळ अर्ज २००१ चा. प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र कोड, तो कोड ओळखणाराच रिसीव्हर तो आवाज उघडतो, त्यामुळे एकाच जागी अनेक जण आपापलं ऐकू शकतात. त्यांच्या दाव्यात 'व्यत्ययापासून जवळजवळ मुक्त' अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. 'जवळजवळ' म्हणजे नक्की किती, यावर खटला चालला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: एकाला दुसऱ्याचं ऐकू येता कामा नये.

म्हणजे इथे 'व्यत्यय' म्हणजे खरखर नव्हे. आपल्याला मात्र दोन्ही सोडवायचंय, आणि दोन्हींची औषधं वेगळी. खरखरीवर औषध म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलत राहणं, प्रत्येक पॅकेट दोनदा पाठवणं आणि स्वच्छ वीजपुरवठा. चोरून ऐकण्यावर औषध एकच, कुलूप. फ्रिक्वेन्सी उड्या मारते म्हणून कुणी ऐकू शकत नाही, ही समजूत जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या १९४२ च्या पेटंटात ८८ फ्रिक्वेन्सींवर उड्या होत्या आणि उद्देश गुप्ततेचाच होता, पण आज शंभर रुपयांचा मॉड्यूल पूर्ण पट्टा पटापट चाळू शकतो.

पेटंट ज्या देशाचं त्याच देशात लागू, मुदत २० वर्षं. आपण काही विकतही नाही. पुढे जायला हरकत नाही.

१४ एप्रिल

हवेतल्या वेळेचा हिशोब. २ मेगाबिटवर एक पॅकेट: प्रिअँबल (सुरुवातीची खूण) १ बाइट, पत्ता ५ बाइट, नियंत्रण ९ बिट, माल ३२ बाइट, सीआरसी (चूक ओळखायचा आकडा) २ बाइट. एकूण ३२९ बिट, म्हणजे १६४.५ मायक्रोसेकंद. रेडिओ स्थिर व्हायला १३० मायक्रोसेकंद. मिळून साधारण २९५.

सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ सेकंदाला १,४११ किलोबिट मागतो. या रेडिओतून एकापाठोपाठ एक पॅकेट सोडली तरी जेमतेम ८६८ किलोबिट जातात. त्यामुळे मोनो, ३२ किलोहर्ट्झ, ४ बिट आयएमए एडीपीसीएम (प्रत्येक नमुन्याचा आधीच्यापासूनचा फरक तेवढा साठवून आवाज दाबायची पद्धत). समालोचन आणि प्रेक्षकांच्या कल्लोळाला पुरतं. शास्त्रीय गाण्याला हा मार्ग निवडला नसता.

३२ बाइटची वाटणी: १ बाइट क्रमांक, ३ बाइट एडीपीसीएमची त्या क्षणाची स्थिती, २८ बाइट आवाज. २८ बाइटमध्ये ५६ नमुने, म्हणजे दर १.७५ मिलिसेकंदाला एक पॅकेट, सेकंदाला ५७१. स्थिती प्रत्येक पॅकेटात पाठवणं उधळपट्टी वाटते, पण ती नसेल तर एक पॅकेट हरवल्यावर पुढचा आवाज कितीतरी वेळ वाकडा येतो. प्रत्येक पॅकेट दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर दोनदा. तरी हवेत जेमतेम ३४ टक्के वेळ जातो.

२० एप्रिल

बाकावर पहिली जोडी. एका रिसीव्हरचं साहित्य: ईएसपी३२ बोर्ड, एनआरएफ२४ मॉड्यूल (पीसीबीवरच अँटेना असलेला), पीसीएम५१०२ए डॅक (आकड्यांचा आवाज करणारा) मॉड्यूल, टीडीए१३०८ हेडफोन अँप्लिफायर, १० किलोओहमचा लॉग व्हॉल्यूम, १८६५० सेल, टीपी४०५६ चार्जर, डबी, ३२ ओहमचे बंद कपांचे वायरचे हेडफोन. हेडफोन धरून सोळाशेच्या आसपास.

डॅक मुका. मॉड्यूलवरचा एससीके पॅड ग्राउंडला जोडलेला नव्हता. बाहेरून मास्टर क्लॉक देत नसू तर तो पॅड टाक्याने ग्राउंड करावाच लागतो. एक्सएसएमटी पायही वर बांधला आहे ना ते बघा, नाहीतर म्यूटच राहतो.

स्वस्त पडतो म्हणून एका संचात आधी पीएएम८४०३ लावला होता. तो गरम झाला. त्याच्या दोन्ही बाजूंची आउटपुटं ब्रिज पद्धतीची, एकही टोक ग्राउंड नाही. हेडफोनच्या पिनेत डाव्या-उजव्याची ग्राउंड एकच, म्हणजे आउटपुट सरळ शॉर्ट. तो स्पीकरसाठी आहे. टीडीए१३०८ ला आउटपुटवर २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले. ३२ ओहमवर आवाजाची खालची हद्द २३ हर्ट्झच्या आसपास येते.

२७ एप्रिल

एक रिसीव्हर असताना झकास. चार चालू केले की अडखळायला लागतं, आणि जितके जास्त तितकं वाईट. कारण या रेडिओत 'मिळालं' अशी पोच आपोआप पाठवायची सोय मुळातच चालू असते. चारही रिसीव्हर एकाच क्षणी पोच पाठवतात, पोचा एकमेकींवर आदळतात, ट्रान्समीटरला वाटतं मिळालंच नाही, तो पुन्हा पाठवतो. १८ हेडफोनांवर तर काहीच चाललं नसतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर, दोन्हीकडे स्वयंपोच बंद केली. प्रसारणात पोच मागायची नसते, म्हणून तर प्रत्येक पॅकेट दोनदा.

४ मे

हॉलमध्ये पट्ट्याची पाहणी. या रेडिओत उणे ६४ डीबीएमपेक्षा जोराचा सिग्नल आला की एक बिट वर जातो. ० ते ८० चॅनेलवर प्रत्येकी हजार वेळा तो वाचला. चॅनेल क्रमांकात २४०० मिळवले की फ्रिक्वेन्सी.

आजूबाजूचे वायफाय बहुतेक वायफायच्या स्वतःच्या क्रमांकांतल्या १, ६ आणि ११ चॅनेलवर. त्यांची खरी रुंदी मध्यापासून दोन्हीकडे ८.३ मेगाहर्ट्झ, त्यामुळे मधल्या फटी मोकळ्या सापडतात. तालमीचा स्वतःचा राउटर मात्र ९ वर बसून मधली फट खात होता. त्याला ११ वर ढकललं.

उड्यांचा तक्ता: २, २२, २४, २६, ४७, ४९, ५१, ७२, ७४, ७६, ७८, ८०. बारा जागा. दर पॅकेटाला एक जागा पुढे, आणि दुसरी प्रत तक्त्यात सहा जागा पुढच्या फ्रिक्वेन्सीवर. त्यामुळे दोन प्रतींत किमान ३१ मेगाहर्ट्झचं अंतर राहतं आणि एकच वायफाय दोन्ही खाऊ शकत नाही.

हौशी लोकांच्या मार्गदर्शनात '१०० च्या वरचा चॅनेल घ्या, वायफाय नसतं' असं सर्रास लिहिलेलं असतं. तिथे वायफाय नसतं, कारण तो पट्टा परवानामुक्तच नाही. २४८३.५ ला हद्द संपते आणि २५०० च्या पुढे मोबाइल सेवा. ८० च्या वर जायचं नाही.

रिसीव्हरच्या ईएसपी३२ मधलं वायफाय आणि ब्लूटूथ पूर्ण बंद ठेवायचं. दोन सेंटीमीटरवर स्वतःचाच शत्रू कशाला?

११ मे

सर्वांत जास्त वेळ खाल्लेला दोष. शांत जागी हेडफोनमध्ये बारीक, स्थिर सूर ऐकू येतो, पिपाणीसारखा. पॅकेट नीट येत होती, हरवत नव्हती, तरी सूर. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये पाहिलं: ५७१ हर्ट्झ, आणि त्याच्या दुप्पट ११४२ वर दुसरी रेघ.

आकडा पाहिल्यावर चोर सापडला. हा पॅकेटांचाच दर. दर पॅकेटाला रेडिओ चालू-बंद होतो, १३.५ मिलिअँपिअर ओढतो आणि सोडतो, आणि डॅक त्याच ३.३ व्होल्टवर बसलेला. जुन्या मोबाइलचा फोन यायच्या आधी स्पीकरमध्ये टर्र-टर्र व्हायचं, ते २१७ हर्ट्झ होतं, जात तीच. बाहेरच्या कुठल्याही वायफायने केला नाही इतका व्यत्यय आपल्याच पाच सेंटीमीटर वायरने केला.

दुरुस्ती: डॅक आणि अँप्लिफायरला सेलवरून वेगळा एचटी७३३३ रेग्युलेटर. रेडिओच्या पायांलगत १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड, मॉड्यूलपासून पाच मिलिमीटरच्या आत. ग्राउंडच्या वायरी साखळीने न नेता सेलच्या ऋण टोकाशी एकत्र. आधी फक्त कपॅसिटर वाढवून पाहिले होते, सूर अर्धा झाला पण गेला नाही. ग्राउंड सुटी केल्यावर गेला.

१८ मे

'अ' आणि 'ब' दोन्ही ट्रान्समीटर एकत्र चालू. काही मिनिटं स्वच्छ, मग थोडा वेळ खरखर, पुन्हा स्वच्छ. दोघांची घड्याळं स्वतंत्र, त्यामुळे सरकत सरकत दोघे एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात. 'अ'च्या बोर्डावरून 'ब'ला एक वायर नेली, दर १.७५ मिलिसेकंदाला ठोका. 'ब' तक्त्यात कायम तीन जागा पुढे. तपासलं: दोघांत कमीत कमी ६ मेगाहर्ट्झचं अंतर राहतं. खरखर बंद.

२५ मे

कुलूप. पाच बाइटचा पत्ता हा पासवर्ड नव्हे. सुरक्षा संशोधक ट्रॅव्हिस गुडस्पीड यांनी २०११ मध्येच दाखवलं होतं की याच चिपला थोडं फसवून पत्ता माहीत नसतानाही पॅकेट पकडता येतात. म्हणून एईएस १२८ हे सांकेतिक कुलूप, काउंटर पद्धतीने, म्हणजे वाढत्या क्रमांकावरून झाकणारा प्रवाह तयार करून. क्रमांकाचा एक बाइट उघडा, उरलेले ३१ कुलूपबंद. पॅकेटाची लांबी वाढत नाही, आणि एक हरवलं तरी पुढचं उघडतं.

एका बाइटचा क्रमांक २५६ ला संपतो. म्हणून दर २५६ पॅकेटांनंतर, दोन प्रतींच्या मधल्या रिकाम्या वेळात, पूर्ण काउंटरचं एक जादा पॅकेट. हेडफोन मध्येच चालू केला तर फार तर ४४८ मिलिसेकंद थांबतो.

किल्ली हवेतून कधीच जात नाही. बाकावर यूएसबी वायरने प्रत्येक संचात भरायची. एखादी डबी हरवली की सगळ्या १८ मध्ये नवी.

२८ मे

कालच्या तपासणीत भगदाड सापडलं. ट्रान्समीटर बंद करून चालू केला की काउंटर पुन्हा शून्यावरून, किल्ली तीच, म्हणजे झाकणारा प्रवाहही तोच. दोन रात्रींची पॅकेट एकमेकांतून वजा केली की कुलूप आपोआप गळतं. उपाय म्हणून दर वेळी नवा यादृच्छिक सत्रक्रमांक काउंटरला जोडला आणि तो जादा पॅकेटात उघडा पाठवला.

यात पुन्हा एक खोच. ईएसपी३२ चा यादृच्छिक आकडा खऱ्या अर्थाने यादृच्छिक तेव्हाच, जेव्हा त्याचं वायफाय किंवा ब्लूटूथ चालू असतं. आपण ते बंद ठेवलंय. सुरुवातीला बूटलोडरचा एन्ट्रॉपी स्रोत (यादृच्छिकता पुरवणारी सोय) चालू करायचा, आकडा घ्यायचा, आणि आयटूएस (डॅककडे आवाज नेणारी वाट) सुरू करायच्या आधी तो न विसरता बंद करायचा. नाहीतर ऑडिओ बिघडतो.

१ जून

१८ डब्या पूर्ण. चार्जिंगची फळी शिवाजी उद्यमनगरातून कापून आणली.

टीपी४०५६ मूळचा १ अँपिअर ओढतो. १८ चे १८ झाले असते. ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २.४ चा टाकला, प्रत्येकी अर्धा अँपिअर, एकूण ९. ५ व्होल्ट १० अँपिअरचा एक सप्लाय पुरतो, फक्त मधली वायर जाड घ्या.

८ जून

९० मिनिटांची सलग चाचणी. दर सहा मिनिटांच्या आसपास 'टक्'. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या क्रिस्टलमध्ये दशलक्षात ४० भागांचा फरक धरला तर सेकंदाला १.२८ नमुने मागेपुढे. बफर (आलेली पॅकेट वाजवायच्या आधी साठवायची जागा) १६ पॅकेटांचा, २८ मिलिसेकंद. मधोमध सुरुवात केली तर १४ मिलिसेकंद सरकायला ३५० सेकंद. गणित जुळलं.

आता बफर १० पॅकेटांवर गेला की एक नमुना गाळतो, ६ वर आला की एक वाढवतो, तेही आवाजाची लाट शून्याजवळ असताना. कानाला पत्ता लागत नाही. दोन्ही प्रती हरवल्या तर मागचे ५६ नमुने पुन्हा, उतरत्या आवाजात.

१२ जून

माणसांसह चाचणी. रिकाम्या हॉलमध्ये पहिली प्रत २ टक्क्यांहून कमी हरवत होती, माणसं बसल्यावर मागच्या रांगेत ११. माणूस म्हणजे २.४ गिगाहर्ट्झला पाण्याची घागरच. ट्रान्समीटर टेबलावरून उचलून पत्र्याखालच्या तुळईला, अडीच मीटरवर बांधला. मागची रांग ३ टक्क्यांवर.

दोन डब्या तरीही वाईट. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची पोलादी क्लिप नेमकी अँटेनाच्या पाठीमागे आली होती. क्लिप डबीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

१५ जून

पहिला सामना, जर्मनी विरुद्ध स्कॉटलंड. खरखर नाही, पण दहाव्या मिनिटाला मागून तक्रार: "पाय लागायच्या आधीच लाथेचा आवाज येतोय की!"

बरोबर आहे. आपला आवाज ३२ मिलिसेकंदांत कानात पोचतो. प्रोजेक्टरचं चित्र मात्र उशिरा. फोनने सेकंदाला २४० चौकटींत चित्रण करून मोजलं: चित्र २३ चौकटी मागे, म्हणजे ९६ मिलिसेकंद. आवाज ६४ ने पुढे. आवाज मागे राहिला तर १२५ पर्यंत सहसा कळत नाही, पण पुढे गेला तर ४५ लाच खटकतं, कारण निसर्गात आवाज चित्राच्या आधी येतच नाही. दोन महिने विलंब कमी करण्यात घालवल्यावर आता वाढवायचा.

१६ जून

प्रक्षेपणाच्या आवाजाला ट्रान्समीटरमध्येच ७० मिलिसेकंद थांबवलं: २,२४० नमुने, ४,४८० बाइट. आवाज आता चित्रापेक्षा ६ मागे. समालोचकाच्या माइकला विलंब द्यायचा नाही, तो बोलतो तेच मुळी उशिराचं चित्र बघून. म्हणून विलंब मिक्सिंगच्या आधी, फक्त एका वाटेवर.

३० जून

मध्यंतरात दोन-तीन मिनिटं 'अ'ची पहिली प्रत ९ टक्के हरवली, मग आपोआप ठीक. खालच्या घरातला मायक्रोवेव्ह. ओव्हन विजेच्या अर्ध्या आवर्तनात ओरडतो, अर्ध्यात गप्प: १० मिलिसेकंद चालू, १० बंद. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन प्रती पाठवल्या असत्या तर सहा-सहा पॅकेटांची भोकं पडली असती. ओव्हन पट्ट्याच्या मधल्या-वरच्या भागात असतो, दुसरी प्रत बहुतेक वेळा लांब पडली. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही.

पावसाळ्यात कपांचं रेक्झिन घामाने चिकट होतं. सुती खोळी शिवून घेतल्या, दर सामन्याला धुतलेल्या.

१५ जुलै

अंतिम सामना, स्पेन २, इंग्लंड १. अठराही संच चालू. पत्र्यावर पाऊस असा की बंद कप नसते तर आवाज दुप्पट करावा लागला असता. दोन्ही प्रती हरवण्याचं प्रमाण सर्वांत वाईट संचात ०.१ टक्का, बाकीच्यांत त्याहून कमी. एका संचाला सरासरी ७५ मिलिअँपिअर, २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर हिशोबाने २९ तासांच्या आसपास.

संच क्रमांक ७ चा व्हॉल्यूम फिरवताना खरखरतो, पोटेन्शिओमीटर बदलायचा. किल्ली बदलायची, कारण संच ११ घेऊन कुणीतरी घरी गेलंय.